अब्रू कोणाची जाते?

चोरी झाली म्हणजे आपण चोराला चोर म्हणतो आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याविषयी हळहळतो. खून झाला म्हणजे मारणारा खुनी ठरतो. मेलेल्या माणसाला कोणी दूषण देत नाही. दरोडा, मारहाण, फसवणूक, कोणताही गुन्हा घ्या. त्याचा डाग गुन्हेगाराच्या कपाळी लागावा हा न्याय आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो कोणी सिद्ध करून दाखवावा लागत नाही. एकच गुन्हा असा आहे की त्याचा डाग करणाऱ्याला सोडून, जिच्यावर तो झाला तिला चिकटतो. बलात्कार पुरुष करतो आणि अब्रू स्त्रीची जाते. ‘तिची अब्रू गेली’, ‘ती बाटली’, ‘तिच्या जन्माचे वाटोळे झाले’, ‘आता ती कुठे तोंड दाखवणार?’ ही आपली नेहमीची वाक्ये एकदा नीट ऐकावीत. यांपैकी एकाही वाक्यात त्या पुरुषाचा पत्ता नाही. मुलांना व्याकरण शिकवताना ‘वाक्यातला कर्ता शोधा’ असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. या वाक्यांतला कर्ता मात्र कितीही शोधला तरी सापडत नाही. समाजाने तो आधीच पाठीशी घातलेला असतो.

‘अब्रू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, माणसाचे तेज. शब्द मोठा सुंदर आहे. खोटे बोलताना पकडलेल्या माणसाचा चेहरा उतरतो, लाच घेताना सापडलेल्याच्या तोंडचे पाणी पळते, तेव्हा तो शब्द अगदी सार्थ होतो. कारण तेथे माणसाने आपल्या हाताने आपले तेज घालवलेले असते. परंतु दुसऱ्याच्या दुष्कृत्याने माझ्या चेहऱ्यावरचे पाणी कसे जावे? करावे तसे भरावे, ही आपली लोकनीती. ज्याचे कर्म त्याला त्याचे फळ, हा आपला कर्मसिद्धान्त. या दोहोंना याच एका ठिकाणी आपण खुंटीला टांगून ठेवतो आणि ‘करून गेला गाव आणि कांदळकराचे नाव’ या न्यायाने निवाडा करून मोकळे होतो.

याचे कारण शोधू लागले म्हणजे आणखी एका म्हणीपाशी यावे लागते. बाईची जात म्हणजे काचेचे भांडे, असे आपल्या घराघरांतल्या वडीलधाऱ्या बायका मोठ्या मायेने मुलींना बजावत आल्या. या वाक्यातली काळजी खरी आहे. पण त्यातली उपमा तपासून पाहिली पाहिजे. भांडे कोणाचे असते? घराचे असते, घरधन्याचे असते. भांड्याला तडा गेला की भांड्याची किंमत जाते आणि नुकसान मालकाचे होते. तडा कोणी पाडला, भांड्याला काय वाटले, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत, कारण भांड्याला मन नसते. स्त्रीला भांडे म्हटल्याबरोबर पुढचे सारे तर्कशास्त्र आपोआप तयार होते. मग बलात्कार हा एका माणसाने दुसऱ्या माणसावर केलेला अत्याचार राहत नाही. तो एका घराच्या वस्तूची दुसऱ्याने केलेली नासाडी ठरतो. बापाची मान खाली जाते, भावाचे रक्त खवळते, नवऱ्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि जिच्या देहावर, जिच्या जिवावर हे सारे गुदरले, ती कोपऱ्यात बसून सर्वांची क्षमा मागत असते.

धर्मशास्त्राने हेच सांगितले काय? तसे म्हणणे शास्त्रावर अन्याय करणारे होईल. बळजबरीने भ्रष्ट केलेल्या किंवा चोरांच्या हाती सापडलेल्या स्त्रीचा त्याग करू नये, असे वसिष्ठांच्या धर्मसूत्रात स्पष्ट सांगितले आहे. परक्यांनी पळवून नेलेल्या स्त्रीला शुद्ध करून परत घ्यावे, असे देवलस्मृती सांगते. म्हणजे कित्येक शतकांपूर्वीचे ग्रंथकार आपल्या आळीतल्या लोकांपेक्षा पुष्कळ उदार होते. तथापि त्या औदार्यातही एक गाठ राहून गेली आहे. शास्त्र तिचा त्याग करू नये म्हणते, पण तिला ‘दूषित’ही म्हणते, तिला शुद्ध करून घ्या म्हणते, म्हणजे ती अशुद्ध झाली हे धरूनच चालते. क्षमा ही अपराध्याला करावयाची असते. जिचा अपराध नाही तिला क्षमा करणे, हाही तिच्यावरचा एक आरोपच होय. आजही एखादा भला नवरा ‘मी तिला मोठ्या मनाने स्वीकारले’ असे सांगतो आणि लोक त्याची वाहवा करतात. त्याचा भलेपणा मी नाकारीत नाही. पण त्या वाक्यातले ‘मोठे मन’ हे शब्द त्या बाईला आयुष्यभर कसे टोचत असतील, याचा विचार वाहवा करणाऱ्यांनी करावा.

आम्हां कोल्हापूरकरांना या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात पाडते. ओढ्यावरच्या रेणुकेला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला येथून पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आले आहेत. त्या रेणुकेची कथा काय? पाणी आणायला गेली असता जलक्रीडा करणारा गंधर्व तिच्या दृष्टीस पडला आणि क्षणभर तिचे मन चळले. तिला कोणी स्पर्शही केला नव्हता. तेवढ्यावर जमदग्नीने मुलाच्या हातून तिचे मस्तक उडवविले. पातिव्रत्याचा हिशेब इतका बारीक झाला की तो विचारापाशी जाऊन पोहोचला. पण लोकांनी पुढे काय केले पाहा. शिक्षा देणाऱ्या ऋषीच्या नावाने यात्रा भरल्या नाहीत. जिचे मस्तक उडाले तिला लोकांनी आई म्हटले आणि तिच्या नावाने परड्या भरल्या. लोकांच्या अंतःकरणाला निवाडा कोठेतरी चुकला हे कळलेले होते. दुर्दैव असे की त्याच आईच्या नावाने पुढे गरीब घरच्या मुली सोडल्या गेल्या आणि त्यांच्या देहावर गावाचा हक्क आहे असे गावाने मानले. ज्यांना अब्रूच नाही असे आधीच ठरवून टाकले, त्यांच्यावरील जबरदस्तीला जबरदस्ती म्हणण्याची गरज कोणालाच वाटली नाही. अब्रूच्या कल्पनेची ही दुसरी बाजू आहे. ती काही स्त्रियांना काचेच्या कपाटात ठेवते आणि बाकीच्यांना रस्त्यावर.

इतिहासात मात्र एक कागद असा आहे की ज्याची भाषा आपल्यापेक्षा स्वच्छ आहे. १६४६ सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलासंबंधी लिहविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पाटलाने एका स्त्रीवर अत्याचार केला. महाराजांनी त्याची पाटीलकी काढून घेतली आणि त्याचे हातपाय तोडविले. ती शिक्षा आज कोणी द्यावी असे मी म्हणणार नाही. हात तोडून न्याय होतो या समजुतीतून आपण बाहेर आलो ते बरेच झाले. माझे लक्ष त्या पत्रातल्या एका शब्दाकडे जाते. पाटलाच्या कृत्याला तेथे ‘बदअमल’ म्हटले आहे. बदअमल म्हणजे दुष्ट वर्तन, अधिकाराचा दुरुपयोग. त्या शब्दात कर्ता आहे, त्याचे कृत्य आहे आणि त्याचा अपराध आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वी अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाच्या कचेरीत हा शब्द सुचला. आपल्याला ‘अब्रू गेली’ एवढेच सुचते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न सर्वांत उघडपणे मांडला तो जोतीरावांनी आणि ताराबाईंनी. पुण्यात एका ब्राह्मण विधवेला एकाने नादी लावून सोडले, तिला दिवस राहिले, लोकलज्जेने तिने मूल मारले आणि सरकारने तिला जन्मठेपेवर पाठवले. नादी लावणारा आपल्या घरी सुखरूप होता. जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, तुमच्या मर्जीवर आहे, असे त्यांनी जाहीर केले. त्यांनी त्या बायांना शुद्ध करून घेतले नाही, क्षमाही केली नाही. खोली दिली, अंथरूण दिले. अशाच एका विधवेच्या मुलाला त्यांनी पुढे स्वतःचा मुलगा केले. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेला असल्याच गुन्ह्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि मग ती कमी करण्यात आली. त्या वेळी वर्तमानपत्रांत समग्र स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. पुस्तकच जवळजवळ शंभर वर्षे विस्मरणात गेले. आपल्याकडे अवघड प्रश्न असेच सोडवले जातात.

आता आपल्या काळाकडे येऊ. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात जे घडले, त्यावरून या देशाचा कायदा बदलला. एक आईबापांविना वाढलेली, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाने केलेल्या तक्रारीवरून तिला आणि इतरांना ठाण्यावर आणले होते. रात्री जबाब संपल्यावर इतरांना बाहेर जायला सांगितले आणि तिला मागे ठेवून घेतले. दार लागले, आतले दिवे गेले. बाहेर तिची माणसे उभी होती. बाहेर येऊन तिने आपल्यावर काय गुदरले ते सांगितले. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. शरीरसंबंध घडला हे न्यायालयाला मान्य होते. पण मुलगी खोटे बोलणारी आणि अशा संबंधांना सरावलेली, म्हणून तो बलात्कार नव्हे, असे ठरले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निवाडा फिरवला. भीतीपुढे नमणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद त्या न्यायालयाने ओळखला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भेद पुसून टाकला आणि दोघांनाही सोडले. अंगावर जखम नव्हती, तिने आरडाओरडा केला नव्हता, हे त्यामागचे महत्त्वाचे मुद्दे.

तिचे नाव मी येथे लिहीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हेच मला खटकते. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला आरोपीच्या नावाने नोंदलेला आहे, पण लोकांच्या तोंडी तो गेली पन्नास वर्षे तिच्याच नावाने चालू आहे. तेथेही कर्ता सुटला.

त्या निकालपत्रातला ‘ती ओरडली का नाही?’ हा प्रश्न न्यायाधीशांचा एकट्यांचा नव्हता. तो आपल्या ओसरीवरचा, पाणवठ्यावरचा, एसटीतला प्रश्न आहे. रात्रीची वेळ, दार बंद, ज्यांच्या अंगावर सरकारचा गणवेश आहे ते समोर. अशा वेळी धडधाकट पुरुषाच्या तोंडूनही शब्द फुटत नाही. सावकारापुढे अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याने आरडाओरडा केला नाही म्हणून त्याने राजीखुशीने जमीन दिली असे कोणी म्हणत नाही. मग मुलीकडूनच लढाईची अपेक्षा का? कारण मनाच्या तळाशी आपण असे मानतो की अब्रू जिवाहून मोठी आहे. तेव्हा खरी शीलवती जीव देईल पण अब्रू देणार नाही. या तर्काचा शेवट भयंकर आहे. जी जिवंत राहिली ती संशयास्पद ठरते. जगणे हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. मराठी कथा-कादंबऱ्यांत अशा नायिकेसाठी गावाबाहेर एक विहीर नेहमी तयार असे. कादंबरीकार म्हणून त्या विहिरीची सोय मी जाणतो. नायिका विहिरीत गेली की लेखकाला पुढचे प्रकरण लिहावे लागत नाही, वाचकाला रडून मोकळे होता येते आणि गावाला तिच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. अवघड असते ते दुसऱ्या दिवशीचे प्रकरण, ज्यात ती सकाळी उठते आणि चूल पेटवते.

१९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. नमणे आणि संमती यांतला फरक न्यायालयाने कसा ओलांडला, हे त्यांनी दाखवून दिले. १९८० च्या मार्चमध्ये गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते तसेच आहे असे गृहीत धरावे. त्यानंतर वीस वर्षांनी, स्त्रीचे चारित्र्य वाईट आहे हे दाखवून आरोपीला बचाव करण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले कलम रद्द झाले. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर, २०१३ साली, अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्याने शब्दांत लिहिले. पीडितेची तथाकथित कौमार्यचाचणी करणारा वैद्यही दोषी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले. त्या चंद्रपूरच्या मुलीला यांतले काहीही मिळाले नाही. तिच्यामुळे ते इतरांना मिळाले.

कायद्यात उणीव उरली नाही असे मात्र नाही. १८९१ साली संमतिवय दहावरून बारावर नेताना पुण्यात केवढा गदारोळ झाला. ‘आमच्या घरात सरकार कशाला?’ हा त्या वेळचा आक्षेप. आमच्या शाहू महाराजांनी १९१९ साली घरातल्या स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला आणि उंबऱ्याच्या आतला अन्यायही राज्याचा विषय आहे हे दाखवले. पण २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. भांडे घरधन्याचे, ही कल्पना तेथे शाबूत आहे.

येथे दोन आक्षेप येतात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की अब्रू जात नाही म्हटले तर या गुन्ह्याचे गांभीर्यच कमी होणार नाही काय? मला उलट वाटते. अब्रूच्या बडबडीत खरे नुकसान झाकले जाते. जाते ते फार मोठे असते: आपल्या देहावरचा आपला अधिकार जातो, झोप जाते, माणसांवरचा विश्वास जातो, संध्याकाळचा रस्ता जातो. हे तिचे नुकसान आहे, घराण्याचे नव्हे. आणि घराण्याचे नुकसान मोजायला बसले की मोजणारे आधी जात विचारतात. २००६ साली खैरलांजीला आणि २०१६ साली कोपर्डीला महाराष्ट्र हादरला. पण दोन्ही वेळी तेच लोक, तेवढ्याच संख्येने, तेवढ्याच वेदनेने बाहेर पडले काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा. आपली मुलगी आणि त्यांची मुलगी असा भेद जोवर संतापात आहे, तोवर तो संताप मुलीसाठी नसतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. घराला कुलूप लावावे, तसे मुलींनी जपून राहावे, यात वाईट ते काय? काहीच नाही. पण कुलूप विसरले म्हणून चोराला सोडून घरमालकाला कोंडण्याची रीत कोठे आहे? शाळेत मला ती रोज दिसते. वाटेत एखादा मुलगा त्रास देऊ लागला की मुलीची सायकल बंद होते, मग शिकवणी बंद होते, मग शाळा, आणि मग घाईने स्थळे पाहणे सुरू होते. तो मुलगा त्याच पारावर बसलेला असतो. मुलींना आपण पंचवीस नियम सांगतो. मुलग्यांना एकही नाही. खोट्या तक्रारीही होतात म्हणतात. होत असतील, त्यासाठी पुरावा तपासावा. पुराव्याऐवजी तिचे चारित्र्य तपासणे हा तपास नव्हे.

पीडितेचे नाव छापू नये, असा कायदा आपल्याकडे १९८३ पासून आहे. तो हवाच. परंतु तो का हवा, याची खंत असावी. ज्याचे घर फुटले त्याचे नाव लपवावे लागत नाही. २०२४ साली फ्रान्समध्ये जीझेल पेलिको या वृद्ध स्त्रीने स्वतःच्या नावाने, उघड्या दारांच्या न्यायालयात खटला चालवू दिला. तिला नवराच औषधे देऊन बेशुद्ध करीत असे आणि परक्या पुरुषांच्या हवाली करीत असे. त्या डिसेंबरात एक्कावन्न पुरुष दोषी ठरले. लाज आता दुसऱ्या बाजूला गेली पाहिजे, असे तिचे म्हणणे. तिचे धैर्य थोर आहे. पण प्रत्येक मुलीकडून ते मागणे हा नवा जुलूम होईल. लाज दुसऱ्या बाजूला नेण्याचे काम तिचे एकटीचे नव्हे. ते बाजूला उभ्या असलेल्या आपणा सर्वांचे आहे.

आणि ते काम न्यायालयात सुरू होत नाही. घरात सुरू होते. मुलगी उशिरा, घाबरलेली घरी येते आणि काहीतरी सांगू लागते. त्या क्षणी तिच्या कानांवर पहिला शब्द कोणता पडतो, यावर पुष्कळसे ठरते. ‘तू तिकडे गेलीसच कशाला?’ हा शब्द पडला, तर तिच्या चेहऱ्यावर उरलेसुरले पाणी आपण घालवतो, त्या माणसाने नव्हे. ‘कोण होता तो?’ हा प्रश्न त्याहून पुष्कळ चांगला. त्यात निदान कर्ता आहे. पण त्याचीही घाई नको. आधी तिला बसू द्यावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा, आणि ती सांगेल तेवढे ऐकावे. सकाळी तिची शाळा असेल, तर तिची सायकल बाहेर काढून पुसून ठेवावी.